चिमणपुऱ्यातला 'कॉकटेल' सांगलीला जातो तेव्हा...

बदलीची ऑर्डर हातात पडली आणि ऑफिसात प्रत्येकानं एकच विचारलं, "सांगलीत फ्लॅट बघितलास का?" घरमालकीण काकूंनी मात्र चहाचा कप समोर ठेवत वेगळाच बॉम्ब टाकला. "जाताना बाळ्याला नेशील का गं?"

बाळ्या म्हणजे कॉकाटील. पक्ष्यांच्या दुकानात याला सर्रास 'कॉकटेल' म्हणतात, त्यामुळे फोनवर "घरी कॉकटेल आहे" असं सांगितलं की मित्रमंडळींचे कान उगाच टवकारतात. राखाडी अंग, पिवळं तोंड, गालावर लहान मुलीनं रूज फासावं तसा केशरी ठिपका आणि डोक्यावर तुरा. काकूंच्या मुलानं हौसेनं आणला, मग तो परदेशी गेला आणि बाळ्या राहिला गॅलरीत, एका गोल, घुमटाच्या पिंजऱ्यात. दिसायला झकास पिंजरा, जुन्या मराठी सिनेमात शोभेल असा. पण आत पंख पसरायची सोय नाही.

सातारा ज्यांना माहीत आहे त्यांना चिमणपुरा पेठ सांगायला नको. अरुंद बोळ, जुने वाडे, मधूनच उगवलेलं एखादं अपार्टमेंट आणि मान वर केली की अजिंक्यतारा. आमच्या गॅलरीतून तर किल्ला अख्खा दिसायचा. रोज सकाळी त्याच्याकडे बघत कॉफी प्यायची ही माझी चैन होती. बाळ्याला मात्र तोच व्ह्यू छळत होता, हे कळायला मला सहा महिने लागले. ऊन तापलं की किल्ल्यावरच्या घारी गिरक्या घेत पेठेवर येतात. एखादी सावली गॅलरीवरून सरकली की हा पिंजऱ्यात धाडधाड आपटायचा. बिचाऱ्याचा दोष नव्हता. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानातला. थव्यानं जमिनीवर दाणे टिपायचे आणि वरून काही आलं की विचार न करता उडायचं, हीच त्याची जगायची रीत. इथे थवा नाही, आडोसा नाही, पिंजरा गोल असल्यानं मागे सरकायला कोपराही नाही.

त्यात कुणीतरी कधीकाळी त्याला मुठीत पकडून पंख कापले होते. पंख पुन्हा आले, पण हात दिसला की तुरा डोक्याला चिकटायचा आणि सापासारखं 'फिस्स' सुरू. तुऱ्याची भाषा शिकायला सोपी आहे. ताठ उभा म्हणजे दचकलाय, सपाट म्हणजे घाबरलाय किंवा चिडलाय, अर्धवट मागे झुकलेला म्हणजे निवांत. सहा महिन्यांत निवांत तुरा मी बहुतेक रात्रीच पाहिला होता.

ऑफिसातल्या एकानं फुकटचा सल्ला दिला, "सोडून दे की मोकळं, पुण्य लागेल!" आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण बाळ्याची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियानं आपले पक्षी बाहेर विकणं १९६० च्या सुमारास बंद केलं. आज दुकानात दिसणारे कॉकाटील पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले. साताऱ्याच्या आभाळात सोडला असता तर कावळ्यांनी संध्याकाळही होऊ दिली नसती. म्हणजे त्याला ठेवायचंच होतं. निदान नीट तरी ठेवावं, एवढंच माझ्या हातात होतं.

हाताशी दोन महिने होते. पहिलं काम, पिंजरा गॅलरीतून उचलून हॉलच्या भिंतीला लावला, छातीच्या उंचीवर. मग रोज ऑफिसातून आल्यावर शेजारी खुर्ची टाकून मोठ्यानं पेपर वाचायचा. त्याच्याकडे थेट बघायचं नाही, कारण टक लावून बघतो तो शिकारी. "त्याला राशिभविष्य वाचून दाखवतेस का?" असं काकूंनी विचारलं. दाखवत होते. दोन आठवड्यांनी तो दांडीच्या माझ्याकडच्या टोकाला येऊन बसायला लागला.

पुढची युक्ती काकूंचीच. जगभरातले पक्षी पाळणारे ज्या कणसाची लालूच दाखवतात ते आपलं राळ्याचं कणीस. आपल्या आज्यांना चांगलंच माहीत असलेलं आणि आपण मॉलमध्ये 'मिलेट' म्हणून चौपट भावात घेतो तेच. काकू भोगीला राळ्याचा भात करतात. त्यांनी गावाकडून जुडीच मागवली. आधी गजांमधून लांब कणीस, मग रोज बोटभर आखूड. तुरा सपाट झाला की हात मागे. हे 'मागे' फार महत्त्वाचं. त्यानं नको म्हटलं आणि आपण ऐकलं, असं शंभर वेळा झाल्यावर कुठे तो एकदा हो म्हणतो. टार्गेट आणि डेडलाइनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला हे पचायला जड गेलं. भोगीच्या दिवशी त्यानं माझ्या तळहातावरचे राळे टिपले. हातावर पाय मात्र ठेवला नाही.

दरम्यान एका रविवारी सांगलीला जाऊन आले. फ्लॅट विश्रामबागला घेतला. सांगलीत घर बघताना हॉलचा साइझ नंतर, पाण्याची रेषा आधी विचारतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी पंचेचाळीस. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांच्या बोलण्यात तारखेऐवजी पाणीच येतं.

फ्लॅट ठरला, मग बाळ्याचं घर. माधवनगर रस्त्याला एका वेल्डिंगवाल्याला चित्र काढून दिलं. तीन फूट लांब, दोन फूट खोल, अडीच फूट उंच, मागची बाजू आणि छत बंद. म्हणजे घारीची भानगड नको. गजांमध्ये अर्ध्या इंचाहून फारसं जास्त अंतर नाही, नाहीतर डोकं अडकतं. काही गज आडवे, चढायला. "मॅडम, कोंबड्या किती ठेवणार?" त्यानं विचारलं. एकच पक्षी, नव्वदेक ग्रॅमचा, असं सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं. जाळी जस्ताच्या मुलाम्याची, आणि कॉकाटील चोचीनं सगळं कुरतडतो. जस्त पोटात गेलं तर विषबाधा होते. म्हणून ती व्हिनेगर आणि ब्रशनं घासून, धुऊन आठवडाभर उन्हात ठेवायला सांगितली. त्यानं ठेवली. वर एक पैसा जास्त घेतला नाही.

संक्रांत झाली आणि निघालो. गाडी मावसभावाची. मागच्या सीटवर गोल पिंजरा पट्ट्यानं बांधलेला, आतला झोका काढलेला, वरून ओढणी, सरकत्या दाराला कपड्यांचे दोन चिमटे. काकू दारात उभ्या होत्या. कंदी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन त्या बाळ्याशी काही न बोलता आत गेल्या.

सातारा ते सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एकेकाळी हा एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. हायवेवर उंब्रजपर्यंत सगळं सुरळीत. पण जानेवारी म्हणजे उसाचा सीझन! कराडच्या अलीकडे एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत शेजारून चाललेला, पाठीला ढोलासारखे स्पीकर आणि त्यावर फुल आवाजात गाणं. ओढणीखाली धडपड झाली. कराडला चहाला थांबलो, मी ओढणी उचलली आणि पोटात गोळा आला. दाराला चिमटे होते, पण दाण्याच्या वाटीची छोटी खिडकी मी विसरले होते. पिंजरा रिकामा.

बाळ्या मागच्या काचेपाशी, बॅगेवर. धापा टाकत, तुरा सपाट. काचा बंद होत्या हे नशीब.

"अगं पकड ना! ओढणी टाक त्याच्यावर!" भाऊ कुजबुजत ओरडला. ओढणी माझ्या हातात होती, अंतर दोन फूट. टाकली असती तर दहा सेकंदांत काम झालं असतं आणि दोन महिन्यांची कमाई पाण्यात. पण नाही टाकली आणि कुणी दार उघडलं तर? समोर हायवे, वर मोकळं आभाळ. भावाला दरवाज्यांना लॉक लावून गप्प बसायला सांगितलं. मी पिंजऱ्याचं दार वर करून आत कणीस अडकवलं आणि तिसरीकडेच बघत, आवाज न थरथरू देण्याचा प्रयत्न करत, पेढ्याच्या पुड्यावरची जाहिरात मोठ्यानं वाचायला लागले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भावाचा चहा राहिला तो राहिलाच. वीसेक मिनिटांनी बाळ्या सीटवरून चालत आला, गजाला चोच लावून चढला आणि सरळ त्या दळभद्री गोल पिंजऱ्यात शिरून आपल्या दांडीवर बसला.

आम्ही ज्याला तुरुंग म्हणत होतो ते त्याचं घर होतं. नवा पिंजरा बघताच तो उड्या मारेल अशी माझी कल्पना होती, ती कराडलाच गळाली.

पेठ नाक्यावरून डावीकडे वळलं की आष्ट्यापर्यंत नुसता ऊस. सांगलीवाडी आली, आयर्विन पूल आला, खाली कृष्णा अशी शांत की पुराची गोष्ट खोटी वाटावी. रात्री मी त्याला गोल पिंजऱ्यातच ठेवलं आणि अडाणीपणानं खोलीत काळोख केला. दोनच्या सुमारास फडफड. कॉकाटील अंधारात दचकले की दिसेल तिथे आदळतात. दिवा लावला तर शेपटीचं कोवळं पीस तुटून रक्त आलेलं. मैद्याची चिमूट दाबून धरली, थांबलं. तेव्हापासून झिरोचा दिवा रात्रभर चालू असतो.

नव्या पिंजऱ्यात पेरूच्या कमी-जास्त जाडीच्या फांद्या बसवल्या, कारण एकाच मापाच्या दांडीनं पायांना घट्टे पडतात. दोन्ही पिंजरे दाराला दार लावून, तारेनं बांधून ठेवले. जुन्यात साधे दाणे, नव्यात राळ्याचं कणीस. पहिले तीन दिवस त्यानं पाठ फिरवली. चौथ्या दिवशी डोकं आत घालून बघितलं. मग अर्धं अंग, कणीस ओढायचं आणि धूम मागे. ऑफिसात लंचला लोक विचारायचे, "आज कुठपर्यंत?" नवव्या दिवशी घरी आले तर महाराज नव्या पिंजऱ्याच्या सगळ्यात वरच्या फांदीवर. पंख पूर्ण उघडून जागच्या जागी फडफडवत होते. एवढे मोठे पंख त्याचे आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. रात्री एका पायावर उभा राहून चोच घासत बसला. झोपण्याआधी निवांत कॉकाटील हेच करतो.

जुना पिंजरा आणखी पंधरा दिवस तसाच ठेवला, मग वर माळ्यावर.

पाडव्यानंतर काकू एसटीनं आल्या. पाय धुऊन आधी पिंजऱ्याकडे. बांगड्या वाजल्या तसं बाळ्यानं 'फिस्स' केलं. "ओळखत नाही गं मला," म्हणत त्या खुर्चीत बसल्या. मी हात पुढे केला, तो बोटावर चढला. हे जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी जमायला लागलं होतं. काकूंनी ते बघितलं, काही बोलल्या नाहीत. पर्समधून राळ्याचं कणीस काढलं आणि मांडीवर ठेवून टेबलावरचा पेपर उघडला.

"कुठली रास त्याची?" त्यांनी विचारलं आणि मेषेपासून सुरुवात केली.