चाकांवरचा मांगर

मैत्रिणींनो, जुनी वस्तू टाकायची म्हटली की आपला हात मागे येतो, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. जुन्या साडीची गोधडी होते, गळक्या बादलीत अळू लागतं. पण बाई, पडवीत अख्खी जीप गंजत पडली असेल, तर तिचं काय करायचं?

आमचं घर तळेऱ्याला. मुंबई-गोवा हमरस्त्यावरून एक वाट गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरला जाते आणि दुसरी विजयदुर्गाकडे, ते हे गाव. जीप मामंजींची. मूळ ही गाडी अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धासाठी बनली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत ती जोडायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या मातीच्या रस्त्यांना तिच्यासारखी दुसरी गाडी नव्हती. मामंजींच्या जीपने काजूची पोती वाहिली, वऱ्हाडं नेली आणि रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीही दवाखान्यात पोचवल्या. मामंजी गेले, इंजिन बसलं, गाडी पडवीत उभी राहिली. भंगारवाला किलोचा भाव सांगून गेला तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तिका भंगारात घालू नको गो."

त्याच सुमाराला बागेचा प्रश्न आला. घरामागच्या चढावर आमची काजूची बाग आहे. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत तिथे माणूस लागतं. दिवसा वानरं, रात्री रानडुकरं आणि दोन पायांचे चोर वेगळेच! आमच्याकडे पूर्वी बागेत मांगर असायचा, म्हणजे राखणीपुरतं छोटं खोपट. आमचा मांगर एका पावसाळ्यात बसला तो बसलाच. ह्यांची साठी उलटलेली, गुडघे दुखरे. रात्री दोनदा चढ चढणं होईना. "यंदा बाग ठेक्याने देऊन टाकू," हे म्हणाले. ठेका म्हणजे मोसमाआधीच रक्कम ठरवून मोकळं व्हायचं, मग झाडांकडे ठेकेदार कसा बघेल तसा बघेल. मामंजींनी हाताने लावलेली झाडं ती! मी म्हटलं, "अहो, जीपचाच मांगर केला तर? चाकांवरचा!"

आधी हे हसले. मग टेप घेऊन पडवीत गेले.

आता कृती सांगते, कारण ही कृती लाडवासारखीच आहे, प्रमाण चुकलं की सगळं बिघडतं. सांगाडा, कमानी आणि मागची चाकं ठेवून इंजिन, बॉनेट आणि पुढची चाकं काढली. मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडाही काढला. उरली ती लोखंडी पेटी, आत माणूस पाय पसरून झोपेल एवढी लांब. आमच्या वेल्डिंगवाल्याने चाकांचा कणा पुढे सरकवून पेटीच्या मध्याच्या किंचित मागे बसवला आणि पुढे लोखंडी चॅनलचा त्रिकोणी ओढदांडा जोडला. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा ह्या दांड्यावर यायला हवा. मागचा भाग जड झाला तर ओढताना गाडी शेपटीसारखी हलते. म्हणून पाण्याचे कॅन चाकांच्या वर ठेवायचे, मागच्या टोकाला नाहीत. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन, हे आपल्याला कळशी उचलून ठाऊकच असतं.

जीपच्या आत दोन्ही बाजूंना चाकांचे उंचवटे असतात, त्यामुळे तळाची जागा अरुंद. मी सुचवलं की बिछाना उंचवट्यांच्या वर घ्यावा. पाण्यात न फुगणारा प्लायवुड टाकला, खाली तीन कप्पे निघाले. एकात तांदूळ-कुळीथ, एकात भांडी, एकात कंदील आणि औषधं. वर ताडपत्रीचं छप्पर, बाजूंना मच्छरदाणीची जाळी. गंज घासून लाल रंगाचे दोन हात दिले, कारण आपल्या कोकणचा पाऊस लोखंड जिवंत ठेवत नाही.

जमिनीपासून उंच झोपायचा मोठा फायदा तुम्ही कोकणातल्या असाल तर ओळखला असेल. फुरसं! पाचोळ्यात ते दिसतही नाही. तरी खाली उतरताना बॅटरी आणि पायांत चपला हव्यातच.

शेगडीचं मात्र नीट ऐका. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो. म्हणून तळाशी हवेला भोकं ठेवली. सिलिंडर लहान पाच किलोचा आणि तोही बाहेर. सांधा साबणाच्या पाण्याने तपासायचा. आत शेगडी पेटती ठेवून झोपायचं नाही, थंडी असली तरीही.

कागदांचंही सांगते. गाडी कायमची मोडली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून तिची नोंदणी रद्द करावी लागते. ते आम्ही केलं. आणि सार्वजनिक रस्त्यावर ट्रेलर न्यायचा तर त्याची स्वतंत्र नोंदणी हवी. आमचा कुठे जातो? पडवीतून निघून आमच्याच जमिनीतून चढावर, पॉवर टिलरच्या मागे. तुमच्या मनात तो घेऊन समुद्रावर जायचं असेल, तर हत्यार उचलण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा.

फेब्रुवारीत मांगर वर गेला. चारही कोपऱ्यांना टेकू, चाकांमागे दगड. आणि मैत्रिणींनो, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बागेतली रात्र मला ठाऊक नव्हती. राखणीला पुरुष जायचे, आपण डबा पाठवायचा. यंदा सासूबाईच म्हणाल्या, "तू पण जा, घर मी बघतंय." रात्री बोंडूंचा वास येतो, पिकलेलं बोंड पाचोळ्यावर पडलं की टप्प आवाज होतो. तिथे पाहुणे येत नाहीत की कुणाच्या घरी आपण पाहुणी नसतो. पहाटे हे उठायच्या आत माझी एक टोपली वेचून व्हायची.

ह्या मोसमात बिया आम्हीच वेचल्या, आम्हीच उन्हात वाळवल्या आणि आमच्याच हाताने मोजून विकल्या. पुढच्या वर्षाचा ठेका विचारायला आलेल्या माणसाला ह्यांनी चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. पावसाआधी मांगर पुन्हा पडवीत आणला. सासूबाई तेलाची बाटली घेऊन त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालत होत्या.

तुमच्याही पडवीत असं काही पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा टेप घेऊन मोजा.