चेहऱ्यावरचा प्रत्येक फोड मुरूम नसतो

"डॉक्टर, या वयात मुरुमं कशी आली?" चाळिशीच्या आसपासच्या स्त्रिया मला हे हमखास विचारतात. तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, तर आधी आरशात नीट पाहा. मुरुमांबरोबर सहसा ब्लॅकहेड्स असतात. ते नसतील, गाल, नाक आणि हनुवटीवर लाली असेल, आणि ऊन, गरम चहा किंवा तिखट खाण्याने चेहरा तापत असेल, तर तो 'रोझेशिया' असू शकतो.

हा त्वचेचा दीर्घकाळ चालणारा दाह आहे. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेमुळे होत नाही. आपल्या सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून चेहऱ्याची जळजळ होते का, डोळे खुपतात का, हेही मी विचारतो. रोझेशियाचं निदान पाहून आणि विचारूनच होतं. मात्र लालीसोबत सांधे दुखत असतील किंवा वारंवार तोंड येत असेल, तर ल्युपस नाही ना, हे पाहायला रक्त तपासावं लागतं.

मला खरी काळजी वाटते ती पर्समधल्या ट्यूबची. मैत्रिणीने सुचवलेल्या 'गोरं करणाऱ्या' क्रीममध्ये अनेकदा बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं. थोड्याच दिवसांत चेहरा नितळ दिसतो. क्रीम थांबवलं की पुन्हा भडकतो, म्हणून ते पुन्हा लावलं जातं. महिनोन्महिने असं चाललं की त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते. ज्यांना रोझेशिया नव्हता, त्यांनाही तसाच त्रास सुरू होतो. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली.

रोझेशिया कायमचा जाईलच असं नाही, पण आटोक्यात नक्की राहतो. सौम्य फेसवॉश, रोज सनस्क्रीन, आणि गरजेनुसार मेट्रोनिडॅझोल, अझेलेइक अ‍ॅसिड किंवा आयव्हरमेक्टिनचं क्रीम देतो. फोड जास्त असतील तर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या लागतात. गरोदर असाल तर त्या चालत नाहीत, तसं आधीच सांगा. फरक दिसायला काही आठवडे जातात. तेवढा धीर धरा. डोळे लाल होऊन दुखू लागले, तर मात्र थांबू नका.

स्टेरॉइड क्रीम बरेच दिवस लावत असाल, तर ते कसं बंद करायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि येताना ती ट्यूब सोबत आणा. कोणी रागावणार नाही. तिच्यावर काय लिहिलंय ते वाचलं, की निम्मं निदान होतं.