बशीत दृष्ट लागत नाही

'स्टेम सेल' हा शब्द मला माहीत होता तो फक्त चकचकीत जाहिरातींमुळे. गुटगुटीत बाळ, हसरे आई-बाबा आणि 'नाळेतलं रक्त जपून ठेवा'चा सल्ला! आपल्या घराशी त्याचा काही संबंध येईल, असं कधी वाटलंच नाही.

मग गेल्या वर्षी मावसबहिणीला मुलगा झाला. बीसीजीची लस दिली आणि काही आठवड्यांनी त्याच्या काखेत गाठ आली. पाठोपाठ ताप, न्यूमोनिया. तपासण्यांचं रामायण झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ''घरात लहानपणी गेलेला कुणी मुलगा?''

खोलीत एकदम शांतता. मावशीचा मुलगा सहाव्या वर्षी गेला होता. सारखा आजारी असायचा. कुणी म्हणालं, दृष्ट लागली. कुणी म्हणालं, आईनंच मातीत खेळू दिलं. मातीत तर आम्ही सगळेच लोळायचो! पण मावशीनं वीस वर्षं ते ऐकून घेतलं.

बाळाच्या आजाराचं नाव निघालं क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, थोडक्यात सीजीडी. यात रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी जंतूंना गिळतात, पण त्यांना मारायला लागणारी ऑक्सिजनची रसायनं बनवू शकत नाहीत. म्हणजे चोर पकडला, पण कोठडीला कुलूपच नाही! बहुतेक वेळा दोष एक्स क्रोमोसोमवरच्या एका जनुकात असतो. आईकडे दुसरा एक्स असतो, त्यामुळे ती बहुधा ठणठणीत. मुलाकडे मात्र एकच.

पत्रकाराची खोड... मी वाचत सुटले. पहिला प्रश्न अर्थातच जाहिरातीचा. बाळाच्या नाळेतलं रक्त ठेवलं असतं तर? काही उपयोग नसता. त्याच्या स्वतःच्या पेशींत तोच बिघाड. बरं व्हायला दुसऱ्या कुणाचा तरी, जुळणारा बोन मॅरो लागतो.

गंमत म्हणजे, संशोधकांना हवा असतो तो नेमका हाच बिघाड. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी चार जनुकांच्या मदतीनं 'रिवाइंड' केल्या. त्यांच्यापासून शरीरातली हवी ती पेशी घडवता येते. २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. न्यूट्रोफिल जगते जेमतेम एखाद-दोन दिवस. आजारी पोराचं रक्त काढणार तरी किती वेळा? रिवाइंड केलेल्या पेशी मात्र प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच राहतात.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सीजीडीच्या एका रुग्णाच्या पेशींपासून असे न्यूट्रोफिल बनवले. त्यांच्यातही तोच बिघाड निघाला. मग पेशींत त्या जनुकाची चांगली प्रत बसवली आणि त्यांच्यापासून बनलेले न्यूट्रोफिल ती रसायनं बनवायला लागले!

त्या रात्री मी मावशीला फोन लावला. म्हटलं, ''मावशी, त्या बशीत ना माती होती, ना दृष्ट. पोराला सांभाळणारी आईसुद्धा नव्हती. तरी पेशी तशाच वागल्या.''

बराच वेळ ती बोललीच नाही. मग म्हणाली, ''मी रोज त्याचे पाय धुवायचे गं.''

बशीतलं हे यश बाळापर्यंत अजून पोचलेलं नाही. तो अँटिबायोटिक्सवर आहे, बुरशीवरचं औषधही चालू आहे आणि आम्ही जुळणारा दाता शोधतोय.

आता माझी पाळी. ते जनुक आजीकडून आलं असेल, तर ते आईकडे असू शकतं, माझ्याकडेही. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची संस्था आहे, तिथे अशा आजारांच्या तपासण्या होतात. थोडंसं रक्त द्यायचं. दोषाची वाहक असलेल्या बाईच्या आलेखात दोन टेकड्या दिसतात, एक चांगल्या पेशींची, एक बिघडलेल्यांची. लग्नाच्या बायोडेटात हे कुठल्या रकान्यात लिहायचं, देव जाणे!

पुढच्या आठवड्यात जातेय. मावशी म्हणाली, ''एकटी जाऊ नकोस. मी येते.''