एक नोंद, एक स्थान

संगणकांतील ‘रिलेशनल डेटाबेस’ म्हणजे परस्परांशीं जोडलेल्या कोष्टकांचा संग्रह. आयबीएम कंपनींतील गणितज्ञ एडगर कॉड यांनीं १९७० सालीं हा विचार मांडला. त्याचें मर्म असें कीं, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणीं नोंदावी व अन्यत्र तिचा केवळ निर्देश करावा. म्हणजे दोन नोंदींत विसंगति उरत नाहीं. पाणिनीच्या परंपरेंतहि सुमारें २००० धातु धातुपाठांत निराळे आहेत. सूत्रांत बहुधा गणाच्या नांवानें काम भागतें.

हें शिकतां शिकतां मीं आमची वंशावळ कोष्टकांत मांडावयास घेतली. प्रत्येक व्यक्तीस न बदलणारी खूण हवी. नांव ही खूण मानावी, तर लग्नांत मुलीचें नांव व आडनांव दोन्ही बदलत. जुन्या कागदांत तर ‘कन्या दोन’ एवढाच उल्लेख! माझ्या आजीचें माहेरचें नांव आज घरांत कोणासहि सांगतां येत नाहीं.

म्हणून व्यक्तीस क्रमांक दिला. नांवांचें कोष्टक निराळें, विवाहांचें निराळें. आतां विवाहानें कन्येची ओळ पुसली जात नाहीं. नवें नांव तेवढें जोडलें जातें.

वाचकांनीं घरांतील वृद्ध स्त्रियांस त्यांचीं माहेरचीं नांवें आजच विचारून लिहून ठेवावींत. कोष्टक मागाहूनहि करतां येईल.