हवा गेली की ब्रेक लागतो

आमच्या लांजा-राजापूर भागात पावसाळ्यात चिऱ्यांच्या खाणी पाण्याने भरतात. जूनपासून वाहतूक थांबते आणि ट्रक दारात उभे राहतात. आमचाही एक सहाचाकी ट्रक आहे. माझ्या पगारावर घर चालतं, ट्रकवर ट्रकचा हप्ता आणि मुलांचं पुढचं शिक्षण. त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की सगळ्यांचं लक्ष खाणीकडे लागतं.

गेल्या वर्षी मुलांच्या अब्बांचं जुलैमध्ये कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ओझं उचलायला आणि गाडी चालवायला सक्त मनाई केली होती. ऑक्टोबरमध्ये खाणीवरून फोन आला, "सोमवारपासून गाडी पाठवा." रविवारी सकाळी शेजारच्या वाडीतल्या एका ड्रायव्हरला बोलावलं. इंजिन लगेच सुरू झालं, टाकीत हवा भरली, त्याने हँडब्रेक सोडला, गिअर टाकला. ट्रक जागचा हलेना. इंजिन घुसमटून बंद पडलं. मागची चाकं जणू जमिनीत रुतली होती.

मग काय, आमचं अंगण म्हणजे सल्लागारांची सभाच झाली. कोणी म्हणालं, मागे-पुढे जोरात हिसके द्या. कोणी म्हणालं, टाकीतली सगळी हवा सोडून द्या, ब्रेक आपोआप सुटेल. माझा थोरला मुलगा ऑइलचा डबा घेऊन धावला. पलंगावरून यांचा आवाज आला, "त्या भाईने जाताना हँडब्रेक ओढून ठेवला असणार. चार महिने तसाच! आता त्याला परत कामावर घेणार नाही."

भाई म्हणजे आमचा जुना ड्रायव्हर. अकरा वर्षं आमच्याकडे होता. माझी मुलं त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली. मला ते बोलणं लागलं, पण ट्रकमधलं मला काय कळतं, म्हणून गप्प राहिले.

शेवटी मी गल्लीतल्या मिस्त्रीचाचांना बोलावून आणलं. सत्तरी ओलांडलेले, हयात हवेच्या ब्रेकवर गेलेली. आल्या आल्या त्यांनी ट्रकला हात लावला नाही. म्हणाले, "आपा, आधी चार मोठे दगड आणवा. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून."

थोरला हसला. "चाचा, ब्रेक अडकलाय. गाडी जाणार कुठे?"

"अडकलाय तोवर नाही जाणार, बेटा. पण आपण तो सोडवायलाच आलोय ना?"

दगड लागले. मग त्यांनी ड्रायव्हरला इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि मीटर पाहिला. काटा सातच्या वर होता. "हवा पुरेशी आहे," ते म्हणाले, आणि मी शाळेतली बाई आहे हे लक्षात ठेवून मला समजावू लागले. माझा इतकी वर्षं समज होता की हवेने ब्रेक लागतो. पायाचा ब्रेक तसाच लागतो. पण हँडब्रेकचं उलटं आहे. मागच्या चाकांजवळ जे गोल डबे असतात, ज्यांना मिस्त्री लोक बूस्टर म्हणतात, त्यांच्या आत एक जबरदस्त स्प्रिंग असते. स्प्रिंग ब्रेक लावते आणि हवा त्या स्प्रिंगला दाबून ब्रेक सोडवते. वाटेत पाइप फुटून हवा गेली तर ट्रक बेवारस धावू नये, म्हणून ही सोय. म्हणजे हवा सोडून द्या म्हणणारे ब्रेक आणखी घट्ट करायला निघाले होते!

"आणि कोणीही तो डबा खोलायचा नाही," चाचांनी मुलाला बजावलं. "आतली स्प्रिंग शेकडो किलोंच्या जोराने दाबलेली असते. सुटली तर माणूस वाचत नाही."

पुढचं काम मला अगदी वर्गातल्या तपासणीसारखं वाटलं. ड्रायव्हर हँडब्रेक लावायचा आणि सोडायचा. चाचा बॅटरीच्या उजेडात बूस्टरमधून निघणारी दांडी पाहायचे. फुस्स आवाज आला की दांडी बाहेर, हवा भरली की आत. दोन्ही बाजूंना दांडी नीट हलत होती, कुठे हवा गळत नव्हती. "म्हणजे डब्याचा दोष नाही, खटक्याचा नाही, पाइपचा नाही. आता उरला ड्रम." चार महिन्यांच्या दमट हवेत ड्रम गंजला होता आणि लायनर त्याला चिकटून बसले होते. थोरल्याने पुन्हा ऑइलचा डबा पुढे केला. चाचांनी तो बाजूला ठेवला. लायनरला तेल लागलं की आज चाक सुटेल, पण उद्या उतारावर ब्रेक लागणार नाही.

हँडब्रेक सोडलेला ठेवून त्यांनी ड्रमच्या कडेवर हातोडीने ठोकायला सुरुवात केली. जोर फार नाही, पण सगळीकडून फिरत फिरत. डावं चाक दहा मिनिटांत सुटलं. उजव्याला तासभर लागला. मग एकदम टक्क असा आवाज आला आणि सगळा ट्रक उताराकडे बोटभर सरकला. पुढच्या चाकाखालचा दगड करकरला आणि थांबला. माझा मुलगा बॅटरी धरून मागच्या चाकाला लागून बसला होता. कोणी काही बोललं नाही. चाचांनी फक्त एकदा त्या दगडाकडे पाहिलं आणि एकदा मुलाकडे. माझे हात बराच वेळ थरथरत होते.

चहा पिताना मी विचारलं, "चाचा, भाईने हँडब्रेक ओढला नसता तर हे झालं नसतं ना?"

"कसं, आपा? ओढा किंवा ओढू नका. उभ्या गाडीतली हवा हळूहळू उतरतेच. हवा उतरली की स्प्रिंग आपला ब्रेक लावते. म्हणून पावसाळ्यात आठवड्याला एकदा गाडी चालू करून चार हात हलवायची असते. दर वर्षी तो भाईच येऊन करायचा की. मी पाहायचो."

खरंच, दर रविवारी तो येत असे. यंदा का आला नाही, हे मी विचारलंच नव्हतं. आत गेले तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. खिडकीतून सगळं ऐकलं होतं. थोड्या वेळाने म्हणाले, "मीच त्याला येऊ नको म्हटलं. दवाखान्याचं बिल भरलं होतं. वाटलं, त्याची रविवारची मजुरी आणि डिझेल वाचेल."

मी काही बोलले नाही. मोबाइल तेवढा त्यांच्या हाताशी ठेवला.

सोमवारी गाडी खाणीवर गेली नाही. चाचांनी ड्रम खोलल्याशिवाय माल भरू द्यायला साफ नकार दिला, आणि ते बरंच झालं. उजव्या बाजूचा एक लायनर शूपासून सुटत आला होता. दोन्ही बाजूंचे नवे बसवले, कॅमला ग्रीस भरलं. खर्च झाला, तीन दिवस गेले. गुरुवारी पहाटे ट्रक निघाला तेव्हा स्टेअरिंगवर भाईच होता. फोनवर यांनी त्याला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. निघताना त्याने यांच्या खोलीत जाऊन सलाम केला आणि बराच वेळ तिथेच बसला, एवढं मात्र पाहिलं.

ते चार दगड अजून अंगणात आहेत. सून आली की जागा अडवतात म्हणून काढायला सांगेल कदाचित. मी असेपर्यंत ते तिथेच राहतील.