सीटमागची पिशवी

आपल्याकडच्या सायकलीला सीटमागे पिशवी लागली नाही, कारण तिला कॅरिअर होता. दुधाच्या किटल्या, दळणाचा डबा, गणपतीची मूर्ती, शाळेतलं पोर, नुकतं लग्न झालेली बायको, सगळं त्या लोखंडी जाळीवर बसलं. सायकल ही एकट्याची वस्तू आहे असं आपल्याला कधी वाटलंच नाही. इंग्लंडमध्ये कामावर जाणाऱ्याच्या सायकलीला कॅरिअर असायचा, नाही असं नाही. पण रविवारी क्लबातल्या मंडळींबरोबर लांबच्या रपेटीला निघणाऱ्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या मागे कोणी बसायचं नव्हतं. त्याला न्यायची होती पावसाची केप, पाव-चीज, एखादा लोकरी सदरा आणि पंक्चरचं सामान. एवढं सीटच्या मागच्या दोन कड्यांना आडवं टांगलं की काम झालं. सायकलवरून भटकणाऱ्यांची तिथली ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ ही संस्था थेट १८७८ची. ती आडवी पिशवी अशा भटक्यांच्या गरजेतून घडत गेली.

हे मला कळलं उतारवयात, अण्णांच्या सायकलीसाठी पिशवी शोधायला लागले तेव्हा.

अण्णा सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. सायकल रॅले, नॉटिंगहॅमची, काळी, बावीस इंची फ्रेमची, दांड्यांच्या ब्रेकची; एका निवृत्त ओव्हरसियरकडून जुनीच घेतलेली. सीट ब्रूक्सची, कातड्याची, खाली दोन जाड स्प्रिंगा. सीटच्या मागच्या पट्टीला दोन कड्या होत्या आणि त्या कड्यांना तळहाताएवढी चामडी पिशवी बांधलेली असे. घरात तिला ‘अण्णांचा बटवा’ म्हणत. आत एक चपटा, बऱ्याच तोंडांचा पाना, टायर उचकटायचे दोन लिव्हर, काचकागदाचा तुकडा, जुन्या ट्यूबमधून कातरलेलं रबर, सोल्यूशनची नळी आणि वीतभर व्हॉल्व ट्यूब. त्याला हात लावायची आम्हा मुलांना बंदी होती. पंक्चर अण्णा स्वतः काढत. त्यात पैसे वाचवायचा हेतू कमी. दुसऱ्याने लावलेला पॅच त्यांना दुसऱ्याने तपासलेल्या प्रुफासारखा वाटे, परत बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

प्रुफं मात्र त्या बटव्यात मावत नसत. गॅली प्रुफं म्हणजे हातभर लांब कागदांच्या पट्ट्या. ती लेखकाच्या घरी पोचवणं खरं तर शिपायाचं काम. पण एखाद्याचं अक्षर लागत नसलं की अण्णाच निघायचे. पट्ट्यांची सुरळी करायची, तिला मेणकापड गुंडाळायचं, वर सुतळी, आणि मग ती कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवायची. पावसाळ्यात हँडलवरून सुटून ती सुरळी रेनकोटच्या आत छातीशी जायची आणि अण्णा एका हाताने सायकल चालवायचे. कॅरिअर रिकामाच असला तरी त्यावर प्रुफं कधी ठेवली नाहीत. मागे ठेवलेली वस्तू पडली तर कळत नाही, असं ते म्हणत. माझ्या बाबतीत ही काळजी त्यांनी घेतल्याचं आठवत नाही. मी कॅरिअरवरच असायचे, दोन्ही हातांनी सीटच्या स्प्रिंगा धरून, आणि खड्डा आला की बोटं चिमटायची.

कॉलेजात मला लेडीज सायकल मिळाली. पुढे तारेची बास्केट, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी. जर्नल, डबा, छत्री सगळं बास्केटमध्ये. तेव्हाच्या पुण्यात सकाळी सात वाजता कुठल्याही पुलावर उभं राहिलं तर अशा बास्केटींची रांग दिसायची. १९७२मध्ये लूना आली. आमच्या घरी ती जरा उशिरा शिरली, पण शिरली. मग बँकेतली नोकरी, बदल्या, संसार. अण्णांची रॅले वाड्याच्या जिन्याखाली उभी राहिली ती राहिलीच.

वाडा पाडायचा ठरला तेव्हा भावाने विचारलं, भंगारात देऊ? मी नको म्हटलं. यात फार भावना होती असं नाही. मी बायकांत उंच आहे, गुडघे शाबूत आहेत, आणि सायकल चांगली आहे हे कोणालाही दिसत होतं. टायर मिळण्याची अडचण नव्हती, कारण अठ्ठावीस इंची चाकांच्या सायकली आपल्याकडे अजून बनतात. सीटचं कातडं सुकलं होतं. त्यावर ब्रूक्सचंच ‘प्रूफाइड’ नावाचं मेण चोळून, नाकाखालचा नट किंचित आवळून ती बसण्याजोगी झाली. या ब्रूक्सची कथा मजेदार आहे. जॉन बोल्टबी ब्रूक्स या माणसाचा धंदा मूळ घोड्यांच्या सरंजामाचा, बर्मिंगहॅमला, १८६६पासूनचा. कंपनीच्या बखरीत असं सांगतात, की पुढे त्याचा घोडा मेला, त्याने कामावर जायला उसनी सायकल घेतली आणि तिची सीट इतकी वाईट निघाली की त्याने स्वतःच चांगली बनवायचं मनावर घेतलं. १८८२मध्ये त्याने सीटचं पेटंट नोंदवलं. बुडाच्या हालअपेष्टांतून निघालेला धंदा दीडशे वर्षं टिकतो, हे मला पटतं.

बटवा मात्र गेला होता. बकल उघडायला गेले तर पट्टाच हातात आला. आणि तो शाबूत असता तरी मला पुरला नसता. मी सकाळी निघते ती ग्रंथालयाची दोन पुस्तकं, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, विंडचीटर आणि येताना मंडईतली पालेभाजी, एवढा पसारा घेऊन. कॅरिअरला पिशवी बांधून बघितली. स्प्रिंगच्या चिमट्याने पुस्तकाचं पुठ्ठं दबलं, कोथिंबिरीचं जे व्हायचं ते झालं. शिवाय नातीला मागे बसायची हौस आहे. दर वेळी सामान सोडत कुठे बसायचं?

सीटमागच्या पिशव्या बघायला सुरुवात केली तेव्हा कळलं, की दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पिशव्या रेसिंगच्या सायकलींसाठी असतात. नायलॉनच्या, टोकदार, वेल्क्रोने दांड्याला चिकटणाऱ्या. त्यांना वाईट म्हणणार नाही, वजनाला हलक्या आहेत. पण त्यातल्या बऱ्याच पिशव्यांत एक ट्यूब आणि शेंगदाण्याची पुडी याच्या पुढे काही जात नाही, आणि वेल्क्रोत ओढणी अडकली की रस्त्यात उतरून सोडवत बसावं लागतं. दुसरा प्रकार चामड्याचा, जुन्या सायकलीवर फोटोत अप्रतिम दिसणारा. आमच्या शेजारच्या मुलाने हौसेने घेतला. रत्नागिरीला एक पावसाळा काढल्यावर त्यावर हिरवट-पांढरी बुरशी आली ती आजतागायत पूर्ण गेलेली नाही. ज्यांच्या घरी पाऊस खिडकीतून बघायचा असतो त्यांनी चामडं घ्यावं.

तिसरा प्रकार भाच्याने दाखवला. तो लीड्सला असतो, सुट्टीत आला तेव्हा स्वतःची पिशवी घेऊन आला. कॅराडाइस कंपनीची, काळ्या जाड सुती कापडाची, पांढऱ्या चामड्याचे पट्टे. ही कंपनी विल्फ कॅराडाइस या सायकलवेड्याने १९३२मध्ये लँकेशायरमधल्या नेल्सन गावी काढली. बाजारातल्या पिशव्या पसंत पडेनात, म्हणून त्याने आधी स्वतःपुरती शिवली. क्रिकेटच्या शौकिनांना नेल्सन ठाऊक असेल ते लिअरी कॉन्स्टंटाइनमुळे. वेस्ट इंडीजचा हा खेळाडू १९२९पासून तिथल्या क्लबकडून खेळला. बाकी गाव कापडाच्या मागांचं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६०च्या दशकात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाड-खानदेशाकडे धाव घेतली होती. भाच्याच्या पिशवीतला कापूस कुठला हे अर्थात कोण सांगणार. आतल्या चिठ्ठीवर मात्र ती शिवणाऱ्या बाईची सही होती. अण्णांच्या छापखान्यात मुद्रितशोधकाचं नाव पुस्तकावर कधी आलं नाही, ते मला तिथे आठवलं.

त्या कापडाला ‘कॉटन डक’ म्हणतात. घट्ट विणलेलं, मेण पाजलेलं. पाऊस लागला की सुताचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं बुजतात. म्हणजे भिजल्यावरच ते पाणी जास्त चांगलं अडवतं. आत वरच्या बाजूला एक आडवी लाकडी काठी असते, तिच्यामुळे भरलेली पिशवी मधोमध लोंबत नाही. दोन पट्टे सीटच्या कड्यांतून जातात, तिसरा सीटच्या दांड्याला. झाकणाला आत दुमडलेली जादा पट्टी असते. सामान वाढलं की ती उलगडायची. या पिशवीत अठरा लिटर मावतं, आणि याच घराण्यात चोवीस लिटरचीही एक आहे. इतकं कशाला लागतं कोणास ठाऊक. आयर्लंडची डर्व्हला मर्फी १९६३च्या कडाक्याच्या थंडीत डंकर्कहून निघाली आणि सायकलवर दिल्लीला पोचली. निघण्यापूर्वी तिने सायकलीचे गिअरसुद्धा काढून टाकले होते, म्हणे रस्ते खराब असतील. मला जायचं होतं मंडईपर्यंत.

भाच्याची पिशवी आम्ही अण्णांच्या रॅलेला लावून बघितली. कड्यांत पट्टे गेले, बकलं लागली, आणि पिशवीचं बूड कॅरिअरवर येऊन बसलं. पिशवी मोठी नव्हती, सीट खाली होती. अण्णा सहा फुटांचे. सीटचा दांडा त्यांच्या वेळी चांगला वर काढलेला असे. मी तो पार खाली घातला आहे, त्यामुळे सीट आणि कॅरिअर यांच्यामधली जागाच संपली. भाच्याच्या सायकलीला कॅरिअर नाही, पातळ मडगार्ड आहे आणि त्याच्या पायांची लांबी आमच्या घराण्यात न शोभणारी. पुन्हा या सीटला स्प्रिंगा. खड्ड्यात त्या इंचभर दबतात आणि कड्यांना टांगलेली पिशवीही तितकीच खाली येते. उभं राहून जागा मोजली तर पुरेशी भरते आणि रस्त्यावर आल्यावर प्रत्येक गतिरोधकाला पिशवी कॅरिअरवर आपटते. दुसरी गोष्ट मांड्यांची. पिशवी फार पुढे आली तर पेडल मारताना मांडीची मागची बाजू तिला घासते. दांड्याचा पट्टा घट्ट ओढला तर हे जास्त होतं, सैल सोडला तर पिशवी डावी-उजवी झुलते. चढाला उभं राहून पेडल मारणाऱ्याला ते झुलणं जाणवतं. मी चढाला उतरते, मला काही फरक पडला नाही.

मग बोहरी आळीतून जाड कॅनव्हास आणलं. ताडपत्र्या आणि टेम्पोचे पडदे शिवणाऱ्या एका कारागिराकडे भाच्याची पिशवी नमुना म्हणून नेली आणि सांगितलं, हीच, पण उंचीला निम्मी आणि रुंदीला तितकीच. त्यांनी आधी हसून घेतलं, मग पिशवी उलटी करून शिवण बघितली आणि ‘काम चांगलंय’ म्हणाले. पट्टे कोल्हापुरी चपलांच्या कातड्याचे केले. ते बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, पावसाला बिचकत असलं तरी तेल चोळत राहिलं तर टिकतं. काठीच्या जागी माझं जुनं बारीक लाटणं गेलं. ते पोळ्यांना कधीच धड नव्हतं. कापडाला मेण पाजलेलं नव्हतं, म्हणून मेणबत्त्या आणि मधमाश्यांचं मेण एकत्र वितळवून ब्रशने लावलं आणि वरून इस्त्री फिरवली. इस्त्री त्या दिवसापासून कपड्यांच्या कामातून बाद झाली. आत एका बाजूला अण्णांचं सगळं सामान ठेवलं आहे, पाना आणि लिव्हर तेच, सोल्यूशन नवं.

जुलैत भर पावसात पुस्तकं परत करायला गेले. पिशवीचं बाहेरचं अंग ओलंगच्च, आत पुस्तकं कोरडी. तीन पट्टे सोडले की पिशवी खांद्यावर येते आणि कॅरिअर मोकळा होतो. नात चढते आणि तीही स्प्रिंगाच धरते. तिला सांगून ठेवलं आहे, ती ऐकत नाही.

जुन्या सायकलीला पिशवी घ्यायची असेल त्यांना एवढंच सांगेन. आधी सीट स्वतःच्या उंचीला लावा, मग कोणाला तरी तीवर बसवा, आणि बसलेलं असताना कड्यांपासून कॅरिअरपर्यंत किंवा मडगार्डपर्यंतचं अंतर मोजा. त्यातून दोन इंच वजा करा. उरेल तेवढ्याच उंचीची पिशवी घ्या, रुंदी हवी तेवढी ठेवा. सीटला कड्या नसतील तर कड्यांचे सुटे क्लॅम्प मिळतात, ते लावा. दोरीने बांधू नका. कापड सुती घ्या, भिजलं तर सावलीत उघडं टाकून वाळवा, साबणाने धुऊ नका, मेण निघून जातं. आणि कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे, पैसे खर्च करण्याआधी तिथे एक चक्कर मारून या.