लेमान सरोवराच्या कांठीं

मी एकोणीस वर्षांचा असतांना आमच्या वाईच्या घराच्या ओटीवर बसून बायरन कवीचें ‘शियोंचा बंदिवान’ हें इंग्रजी काव्य मोठ्यानें वाचीत होतों. कॉलेजांत तें आम्हांस नेमलेलें होतें. आजोबा रात्रीचें जेवण आटोपून नेहमींप्रमाणें शतपावली करीत होते. शतपावली हा शब्द मीं वापरला खरा. परंतु त्यांच्या फेऱ्या इतरांसारख्या ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नसत. ओटी चांगली वीस पावलांची. आजोबा नऊ पावलें टाकीत, वळत, आणि पुन्हां नऊ टाकीत. १९४२ च्या चळवळींत ते पंधरा महिने तुरुंगांत होते. त्याविषयीं घरांत ते कोणाशींही बोलले नाहींत, आणि आम्हां मुलांना तर तीं नऊ पावलें म्हणजे चेष्टेचा विषय होता.

त्या रात्रीं ते थांबले आणि म्हणाले, “काय रे वाचतोस?” स्वित्झर्लंडांत सरोवरकांठच्या एका किल्ल्यांत खांबाला साखळदंडानें जखडून ठेविलेल्या कैद्याची ही गोष्ट आहे, असें मीं सांगितलें. त्यांनीं एकच विचारलें, “त्याला चालतां येत होतें का?” मीं पुस्तकांत पाहून म्हटलें, “नाहीं. साखळी होती.” ते “हूं” म्हणाले आणि पुन्हां चालूं लागले.

काव्याच्या पुढच्या भागांत तो बंदिवान साखळींतून सुटून कोठडींत फिरतो, हें मीं तोंपर्यंत वाचलें नव्हतें. पुढें तीस वर्षें इंग्रजीचा अध्यापक म्हणून तेंच काव्य मीं अनेकदां शिकविलें. परंतु तेव्हां आजोबा राहिले नव्हते.

आमची मुलगी व जांवई हल्लीं नोकरीनिमित्त लोझान येथें असतात. त्यांच्या आग्रहावरून गेल्या ज्येष्ठांत सौ. व मी तिकडे गेलों आणि महिनाभर राहिलों. शियोंचा किल्ला पाहावयाचा हा माझा एकच हट्ट होता. परंतु त्या सरोवराच्या कांठीं पाहण्याजोगें इतकें आहे कीं, किल्ल्यापर्यंत पोहोंचावयास आम्हांस तीन आठवडे लागले.

जिनीव्हाचें सरोवर म्हणून आपणांस ठाऊक असलेल्या या जलाशयास तिकडील फ्रेंच बोलणारे लोक लेमान म्हणतात. आकार चंद्रकोरीचा, लांबी सुमारें ४५ मैल, आणि सर्वांत खोल ठिकाणीं खोली हजार फुटांहून अधिक. पूर्वेस ऱ्होन नदी पर्वतांतील गाळ घेऊन गढूळ अशी आंत शिरते आणि पश्चिमेस जिनीव्हा शहराच्या मधून निवळशंख होऊन बाहेर पडते. उत्तरेचा कांठ स्वित्झर्लंडचा, दक्षिणेचा बहुतेक फ्रान्सचा. मध्ययुगांत येथें सव्हॉयच्या घराण्याचें मोठें प्रस्थ होतें. १५३६ सालीं बर्नच्या लोकांनीं उत्तरेचा मुलूख जिंकला आणि त्याच वर्षीं जिनीव्हानें नवा प्रॉटेस्टंट पंथ स्वीकारला. हें साल वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. या कांठावरचें कोणतेंही जुनें देऊळ पाहावयास गेलें कीं तें पुढें येतें.

जिनीव्हाचें सँ पिएर हें मुख्य मंदिर टेकडीवरच्या जुन्या वस्तींत आहे. तें बाराव्या शतकांत बांधावयास घेतलें. दर्शनी भाग मात्र अठराव्या शतकांतला, प्रचंड रोमन धर्तीच्या खांबांचा. जुन्या अंगावर दुसऱ्याचा अंगरखा चढवावा तसा तो दिसतो. आंत गेल्यावर प्रथम जाणवतें तें रितेपण. १५३५ सालीं येथल्या मूर्ति फोडण्यांत आल्या. आपण मूर्तिपूजक, देवळांत शिरतांच आपली नजर गाभाऱ्याकडे जाते. येथें ती जाऊन ठरावी कोठें, तेंच कळत नाहीं. एका बाजूस एक लांकडी खुर्ची ठेविलेली आहे. ती धर्मसुधारक कॅल्व्हिनची म्हणून दाखवितात. ज्यानें आपल्या थडग्यावर खूणसुद्धां नको असें सांगितलें, त्याची खुर्ची मात्र लोकांनीं जपून ठेविली!

याच शहराच्या शांपेल नांवाच्या भागांत २७ ऑक्टोबर १५५३ रोजीं मिकाएल सर्व्हेटस या स्पॅनिश पंडितास जिवंत जाळण्यांत आलें. हृदयांतून रक्त फुप्फुसांत जाऊन शुद्ध होऊन परत येतें, हें त्यानें त्याच वर्षीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत लिहिलें होतें. पण त्याचा अपराध तो नव्हे. ईश्वराच्या त्रैमूर्तीविषयीं त्याचें मत निराळें होतें. रोमच्या जुलमांतून सुटलेल्या लोकांनींच त्याला ही शिक्षा दिली. १९०३ सालीं कॅल्व्हिनच्या अनुयायांनींच तेथें एक शिला उभारून, आमच्या थोर गुरूची ही चूक होती, ती त्याच्या युगाची चूक होती, अशा आशयाचा लेख त्यावर कोरला. मला ती ओबडधोबड शिला सँ पिएरहून मोठी वाटली. सौ. चें मत वेगळें पडलें. ती म्हणाली, “साडेतीनशें वर्षांनीं चूक कबूल केली, त्यांतही अर्धी युगावर ढकलली. त्या बिचाऱ्याला त्याचें काय?”

जिनीव्हाच्या सेंट जॉर्ज स्मशानभूमींतही आम्ही जाऊन आलों. पंडित श्यामजी कृष्णवर्मा यांचें ३० मार्च १९३० रोजीं या शहरीं निधन झालें. त्यांच्या व पत्नी भानुमती यांच्या अस्थि येथें ठेविलेल्या होत्या, त्या २००३ सालीं स्वदेशीं आणल्या गेल्या. श्यामजींच्या योगें मिळालेल्या शिष्यवृत्तीवर, लोकमान्यांचें शिफारसपत्र घेऊन, सावरकर १९०६ सालीं विलायतेस गेले होते. आतां तेथें पाहावयास कांहीं नाहीं. पण आपल्या माणसानें तेथवर जाऊन हात जोडूं नयेत, असेंही नाहीं.

लोझानचें मंदिर मला अधिक आवडलें. तेंही उंचावर आहे. सरोवरापासूनचा चढ आमच्या गुडघ्यांची परीक्षाच घेतो. १२७५ सालीं पोप दहावा ग्रेगरी यानें राजा रूडॉल्फ याच्या उपस्थितींत त्याची प्रतिष्ठापना केली. १५३६ नंतर येथल्याही वेद्या व मूर्ति गेल्या आणि मौल्यवान पडदे बर्नला नेण्यांत आले. तथापि दक्षिणेकडील दारावरच्या शिल्पांवर जुन्या रंगांचे अंश आजही शिल्लक आहेत. पांढऱ्या दगडाचीं म्हणून आपण ज्यांची स्तुति करतों तीं देवळें एके काळीं आपल्या गोपुरांसारखींच रंगीबेरंगी होतीं, हें तें दार पाहिल्यावर पटतें. भिंतींत तेराव्या शतकांतली एक मोठी वाटोळी कांचेची खिडकी आहे. तींत ऋतु, बारा महिने, बारा राशि आणि महाभूतें चितारलेलीं आहेत. महाभूतें मात्र चारच. आकाश हें पांचवें महाभूत त्यांच्या गणतींत नाहीं. सौ. नें मेष, वृषभ, मिथुन अशा राशि ओळखण्यास आरंभ केला तेव्हां शेजारच्या एका वृद्ध बाईनें तिला बोटानें कर्क दाखविला. भाषा कोणाची कोणास कळत नव्हती.

या मंदिराच्या मनोऱ्यावरून रात्रीं दहापासून दोनपर्यंत दर तासाला पहारेकरी हांक देतो. घरें लांकडाचीं होतीं तेव्हां आगीवर लक्ष ठेवण्यासाठीं हा पहारा असे. १४०५ पासून तो लेखीं नमूद आहे. आतां आगीचे बंब व टेलिफोन आले तरी शहरानें ही प्रथा चालूं ठेविली आहे, आणि २०२१ पासून पहाऱ्यावरील मंडळींत एका स्त्रीचीही नेमणूक झाली. एका रात्रीं आम्ही मुद्दाम खालीं उभे राहिलों. दहाचे टोले झाले, आणि मग चारी दिशांस वळून कोणी तरी वरून सांगितलें कीं दहा वाजले आहेत. आमच्या लहानपणीं रामोशी मध्यरात्रीं हाळी देत जाई, आणि ती ऐकून आई झोपेंतच कूस बदलीत असे, त्याची आठवण झाली.

शियोंस आम्ही लोझानच्या ऊशी बंदरावरून आगबोटीनें गेलों. या सरोवरांत १९०४ ते १९२७ या काळांत बांधलेल्या आठ चाकी आगबोटी अद्याप आहेत. डाव्या हातास लाव्होचे द्राक्षमळे दिसतात. डोंगराच्या उतारावर दगडी बांध घालून केलेल्या त्या ताली मूळ मध्ययुगांतील मठवासी साधूंच्या उद्योगांतून उभ्या राहिल्या. द्राक्षें खाण्यासाठीं नसून मद्यासाठीं आहेत, हें कळल्यावर सौ. नें तिकडे पाहणें कमी केलें.

आणि मग मोन्त्रो मागें टाकल्यावर किल्ला दिसूं लागतो. चित्रांत तो पाण्यांत तरंगतांना दिसतो. प्रत्यक्षांत कांठापासून पांचपन्नास पावलांच्या आंत असलेल्या एका खडकावर तो बांधलेला आहे. जागेची मख्खी मला तेथें गेल्यावरच उमगली. येथें डोंगर थेट पाण्याला भिडतो. मध्यें जेमतेम रस्त्यापुरती जागा. इटलीकडून ग्रेट सेंट बर्नार्डचा घाट उतरून येणारा व्यापारी या रस्त्यानेंच जाणार, आणि सव्हॉयचे सरदार त्याच्यापासून जकात घेणार. किल्ल्याचा लेखी उल्लेख ११५० पासून सांपडतो. डोंगराकडच्या अंगाला बुरूज आणि जंग्या. सरोवराकडच्या अंगाला कमानदार खिडक्या, चित्रें काढलेली शय्यागृहें आणि मोठमोठ्या चुली. एकाच वास्तूचें एक तोंड शत्रूकडे आणि एक तोंड सुखाकडे.

आपले गड पाहिलेल्या माणसास तेथें मत्सर वाटल्यावांचून राहत नाहीं. छतें, दारें, जिने सर्व शाबूत! १८१८ नंतर इंग्रजांनीं आपल्या कितीएक गडांच्या वाटा व पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या. शियोंवर मात्र बर्नचा अंमलदार १७३३ पर्यंत राहत होता, पुढें कोठार म्हणून त्याचा उपयोग झाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पद्धतशीर जीर्णोद्धार सुरू झाला. नांदतें घर पडत नाहीं, तसेंच हें.

तळघरांत उतरलों. मी भयाण अंधाराची अपेक्षा केली होती. पण तें दालन एखाद्या देवळाच्या सभामंडपासारखें सुंदर आहे. एका ओळींत खांब, वर कमानी, एका बाजूस जिवंत खडक. अरुंद झरोक्यांतून सरोवराचा उजेड येतो आणि लाटांबरोबर छतावर हालतो. एका खांबावर बायरनचें नांव कोरलेलें आहे. तें त्याच्याच हातचें म्हणून दाखवितात. १८१६ च्या जूनमध्यें तो व शेले नावेंतून येथें आले होते. आदल्या वर्षीं ईस्ट इंडीजमधील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट होऊन युरोपांत त्या वर्षीं उन्हाळा पडलाच नाहीं. परततांना पावसानें त्यांना ऊशी येथें अडकविलें, आणि त्या सक्तीच्या मुक्कामांत हें काव्य लिहिलें गेलें.

तीस वर्षें मीं विद्यार्थ्यांना सांगितलेल्या कथेंतला बहुतेक भाग कवीच्या कल्पनेचा होता. बंदिवानाच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन भाऊ या कोठडींत मरतात, तें खरें नव्हे. खरा फ्रान्स्वा बोनिव्हार हा जिनीव्हाच्या एका मठाचा अधिकारी. सव्हॉयच्या ड्यूकविरुद्ध तो शहराच्या बाजूनें उभा राहिला, म्हणून १५३० सालीं, अभयपत्र हातीं असतांना, त्याला वाटेंत पकडलें. पहिलीं दोन वर्षें वरच्या मजल्यावर त्याची बरी बडदास्त होती. ड्यूक स्वतः येऊन गेल्यावर त्याला खालीं टाकलें. १५३६ च्या मार्चमध्यें बर्नच्या फौजेनें त्याला सोडविलें. पुढें तो जिनीव्हास परतला, चार लग्नें केलीं, शहराचा इतिहास लिहिला, आणि १५७० सालीं वारला. त्याच्या चौथ्या पत्नीला व्यभिचाराच्या आरोपावरून त्याच मुक्त जिनीव्हानें ऱ्होन नदींत बुडवून मारलें.

आणि ज्यांच्यावर कोणीं काव्य लिहिलें नाहीं असेही लोक येथें होते. १३४८ सालीं प्लेगची सांथ आली तेव्हां यहुद्यांनीं विहिरींत विष कालविल्याची अफवा उठली. शेजारच्या विलनव्ह गांवच्या यहुद्यांना या किल्ल्यांत आणून, छळ करून, त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यांत आले. ते कागद स्ट्रासबुर्गला धाडले गेले, आणि पुढच्या फेब्रुवारींत तेथील यहुद्यांना जाळण्यांत आलें. बर्नच्या अमदानींत चेटकिणी ठरविलेल्या बायका येथेंच कोंडल्या. त्यांचें नांव कोरलेला खांब मला दिसला नाहीं. प्रवाशांची गर्दी होती ती बायरनच्या नांवाभोंवतीं.

बोनिव्हारनें आपल्या इतिहासांत स्वतःच्या बंदिवासाविषयीं थोडेंच लिहिलें आहे. त्यांतली एक गोष्ट तेथें मुलीनें मला फ्रेंचमधून वाचून दाखविली. फिरण्यास मला इतकी भरपूर फुरसत होती, तो म्हणतो, कीं तळच्या खडकांत जणूं हातोड्यानें खोदावी तशी माझ्या पावलांनीं वाट पडली.

म्हणजे त्याला चालतां येत होतें!

मीं खालीं पाहिलें. खडक तेथें खालवर झिजलेला आहे. त्यांत त्याचीं पावलें किती आणि दोनशें वर्षें येणाऱ्या आम्हां प्रवाशांचीं किती, हें आतां कोण निवडणार? खांबापासून मी नऊ पावलें चाललों आणि वळलों. पुन्हां नऊ. इतक्यांत शाळेचीं मुलें आपल्या बाईंबरोबर जिना उतरून आलीं. दोघे मुलगे माझ्याकडे पाहून खुदखुदले. त्यांतला एक हात पाठीमागें बांधून माझ्यामागून चालूं लागला. सौ. झरोक्यापाशीं उभी होती. ती हळूच म्हणाली, “अहो, मुलें हसताहेत.”

“हसूं देत,” मी म्हटलें, आणि वळलों.